गोळी आत गेल्यावर

शिकारीच्या जुन्या गोष्टींत बंदुकीचं कौतुक भरपूर असतं. नळ्या किती, बनावट कुठली, कुठल्या साहेबाने जाताना भेट दिली, सगळं तपशीलवार. गोळीबद्दल मात्र ‘बार बरोबर बसला’ एवढंच. खरं तर बंदूक गोळीला फक्त दारापर्यंत पोचवते. कातडीच्या आत गेल्यावर गोळी काय करते, यावर जनावर जागीच पडणार की जखमी होऊन झुडपात शिरणार हे ठरतं.

हा प्रश्न भंडाऱ्याच्या जंगलात जरा जास्तच अवघड होता. जिल्हा तेव्हा मोठा होता. गोंदिया 1 मे 1999 रोजी वेगळा झाला, तोवर नागझिरा आणि नवेगाव दोन्ही भंडाऱ्यातच मोडायचे. नागझिऱ्याला 1970 मध्ये अभयारण्याचा आणि नवेगावला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याआधी मध्य प्रांताच्या वनखात्याने जंगलांचे ब्लॉक पाडले होते आणि शिकारी परवाना काढून ते घेत. त्याच रानात ऐंशी किलोचं चितळ, दोनशेहून अधिक किलोचा वाघ, तेवढंच किंवा त्याहून भारी सांबर, आणि टनाच्या आसपास जाणारा रानगवा. मचाणावर बसलेल्याला पुढे काय येणार हे ठाऊक नसे. बंदुकीत भरलेली गोळी तर एकच.

गोळीकडून दोन कामं हवी असतात आणि ती एकमेकांच्या मुळावर येतात. एक, खोल जाणं. हृदय-फुप्फुसांपर्यंत पोचायचं तर खांद्याचं हाड आणि जाड स्नायू ओलांडावे लागतात. दुसरं, फुलणं. शिशाचं टोक आत चेपून अळंबीसारखं पसरलं की जखम रुंद होते आणि गोळी आपली ऊर्जा शरीरातच सोडते. पण फुललेल्या गोळीचा व्यास दुप्पट झाला, तर समोरचं क्षेत्रफळ चौपट होतं. वजन तेच, अडवणारा पृष्ठभाग चौपट, म्हणून ती लवकर थांबते. फार लवकर फुलली तर खांद्यातच चुरा होतो आणि फुप्फुस शाबूत राहतं. मुळीच फुलली नाही, तर बारीक भोक पाडून पलीकडच्या सागात जाऊन रुतते. वेगाचंही तसंच. वेग वाढला की ऊर्जा त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते, पण मऊ शिसं त्याच वेगाने फुटतंही.

मध्य प्रांतात या प्रश्नावर चिकाटीने विचार करणारा माणूस म्हणजे कॅप्टन जेम्स फोर्सिथ. लष्करातला अधिकारी, पुढे वनखात्यात आणि निमाडच्या जमाबंदीवर. त्याचं मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचं पुस्तक 1871 मध्ये आलं आणि आजही वाचलं जातं. त्याआधी 1863 मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं, ते आता फारसं कुणी उघडत नाही. लांबट गोळ्यांचा जमाना सुरू झाला असताना फोर्सिथ गोल गोळीची वकिली करत होता. जाड नळी, भरपूर दारू, नळीतल्या आट्यांचा पीळ अगदी सावकाश. जोराचा पीळ असला की भरपूर दारूपुढे मऊ शिशाची गोळी आटे सोडून घसरते, हे त्याने ओळखलं होतं. चौदा नंबरच्या बोअरची गोळी म्हणजे एका पौंडात चौदा, अर्थात सुमारे 32 ग्रॅम शिसं. एवढी जाड गोळी फुलली नाही तरी जखम रुंदच करते. दाट जंगलात जनावर पन्नास पावलांवर दिसतं, तिथे दूरच्या नेमाचं कौतुक कशाला, असा त्याचा रोख. मला तो पटतो.

फॅशन मात्र दुसरीकडे गेली. जेम्स पर्डी या बंदूकवाल्याने 1856 मध्ये आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस’ हे नाव काढलं होतं. हलकी, टोकाला पोकळ असलेली, वेगवान गोळी हे त्या रायफलींचं वैशिष्ट्य झालं. हरणावर ती अचूक चाले. वाघाच्या खांद्यावर कधी कधी वरवरची भयंकर दिसणारी जखम करून तिचा चुरा होई. शिकारी लेखक सर सॅम्युअल बेकर यांनी 1890 च्या आपल्या ग्रंथात पोकळ गोळीला विरोध करून वाघासाठी शुद्ध शिशाची भरीव गोळी सुचवली. तिने आत पसरावं आणि पलीकडच्या कातडीखाली थांबावं, असं त्यांचं मत. जाड कातडीच्या जनावरांसाठी शिशात कथील किंवा पारा मिसळून ते कठीण करण्याची रीतही तेव्हाची.

हा वाद क्लबात रंगायचा. फसलेल्या गोळीची किंमत दुसरेच मोजायचे. जखमी वाघाच्या मागावर पहिल्यांदा हाकेकरी जात, भाडोत्री गावकरी. साहेबांच्या आठवणींत त्यांची नावं क्वचित सापडतात.

धूररहित दारू आली आणि वेग एवढा वाढला की उघडं शिसं टिकेना. मग त्यावर निकेल-तांब्याचं आवरण चढलं. पूर्ण आवरणाची गोळी खोल जाते, पण फुलत नाही. 1895 च्या चित्रळ मोहिमेत .303 च्या अशा गोळ्या लागूनही माणसं पुढे येत राहिली, अशी लष्कराची तक्रार होती. कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचं आवरण उघडं ठेवलं आणि ‘दमदम’ गोळी जन्मली. 1899 च्या हेग परिषदेने युद्धात अशी गोळी निषिद्ध ठरवली. शिकारीत मात्र तीच रचना आदर्श मानली जाते, कारण तिथे जलद मरण हीच दया समजतात. माणसासाठी क्रूर ठरलेली वस्तू जनावरासाठी दयाळू! हा विरोधाभास शिकारी साहित्याने कधी नीट हाताळलेला नाही.

1912 मध्ये हॉलंड अँड हॉलंडची .375 रायफल आली. गोळी साधारण 19 ग्रॅमची, वेग सेकंदाला 770 मीटरच्या घरात. तीच रायफल भरीव आणि मऊ टोकाची, दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच ठिकाणी टाकी. शिकाऱ्याला वाघासाठी एक आणि गव्यासाठी दुसरी काडतुसं खिशात ठेवता आली. सामान्य परवानाधारकाला हे परवडणारं नव्हतं. त्याच्या वाट्याला .315 आली, कारण .303 ही लष्करी बोअर नागरिकांना बंद होती.

पुढची मोठी सुधारणा शिकाऱ्याच्या चिडीतून झाली. 1946 मध्ये जॉन नोस्लर या अमेरिकनाची गोळी कॅनडात एका मूस हरणाच्या चिखलाने माखलेल्या खांद्यावर फुटली, आत गेलीच नाही. त्याने गोळीच्या मध्ये तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. 1989 च्या सुमारास बार्न्स या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने संपूर्ण तांब्याची गोळी आणली. तिच्या पाकळ्या उघडतात, पण वजन जवळजवळ घटत नाही. तोवर शिशाचा दुसरा दोषही पुढे आला होता. फुटलेल्या गोळीचे सूक्ष्म कण मांसात राहतात आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने म्हणूनच 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी घातली.

भंडाऱ्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे परवाने संपले. तरी जिल्ह्यातून दारू गेली नाही. जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत प्रणोदकं बनतात, म्हणजे गोळ्यांना आणि तोफगोळ्यांना ढकलणारी दारू. तिथे 24 जानेवारी 2025 रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगार गेले. जंगलात अजून सापडते ती ठासणीची भरमार, म्हणजे फोर्सिथची गोल गोळी, फक्त पीळ नसलेली आणि नेमाचा भरवसा नसलेली. फुलण्याचं गणित तिच्यापुरतं गौण आहे, कारण तिच्या कमी वेगात शिसं फारसं पसरत नाही.

गोळीचं हे ज्ञान आज उपयोगी पडतं ते मेलेल्या जनावराच्या शवविच्छेदनात. एक्स-रे काढला की मऊ टोकाची गोळी मागे सोडून गेलेले शिशाचे शिंतोडे पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. पूर्ण आवरणाची गोळी ठिपके जवळजवळ सोडत नाही आणि बऱ्याचदा शरीराबाहेर गेलेली असते. गोल गोळी चपटी होऊन हाडाजवळ सापडते. आवरणाचा तुकडा मिळाला, तर त्यावरच्या आट्यांच्या खुणा पाहून बंदुकीचा माग काढता येतो. शिशाचा नुसता गोळा मिळाला, तर बहुधा नाही. पण विदर्भात अलीकडे मेलेल्या अनेक वाघांच्या अंगात धातूचा कणही सापडत नाही. रानडुकरासाठी शेताच्या कुंपणावर सोडलेल्या विजेच्या तारेला ते चिकटलेले असतात. तिथे तपासनीस कातडीवरचा भाजल्याचा व्रण शोधतात, आणि पंचनाम्यात गोळीऐवजी तारेची लांबी लिहिली जाते.