लिंबू चाकाखाली, लिंबू पदरात

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे केवढा सोहळा असतो! हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ वाढवायचा आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून पुढे घ्यायची. दृष्ट लागू नये म्हणून.

गंमत म्हणजे तिकडे अमेरिकेतही नव्या गाडीचा आणि लिंबाचा संबंध आहे, बरं का! नवीकोरी घेतलेली गाडी पुन्हा पुन्हा बिघडू लागली, की तिला तिथे 'लेमन' म्हणतात. अशा गाडीपासून ग्राहकाला वाचवणारे कायदे म्हणजे 'लेमन लॉ'. कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये असा कायदा केला आणि मग एकेक करत सगळ्या राज्यांत तो आला. तपशील राज्यागणिक बदलतो. पण ढोबळ नियम असा, की ठरावीक मुदतीत तोच दोष तीन-चारदा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा गाडी एकूण महिनाभर वर्कशॉपमध्येच पडून राहिली, तर कंपनीने गाडी बदलून द्यायची, नाहीतर पैसे परत करायचे. मोटारसायकलला मात्र हा कायदा काही राज्यांत लागू आहे, काहींत नाही.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या लिंबाचं आपल्याला काय! पण असं एक लिंबू आमच्याच घरात, माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पदरात पडलं. म्हणून हा प्रपंच.

माझा पुतण्या आयटीआय झालेला. गावापासून सव्वीस किलोमीटरवरच्या एमआयडीसीत त्याला कंत्राटावर काम मिळालं. पहिली पाळी सकाळी सातची, आणि एसटी पोहोचते साडेसातनंतर. म्हणून जाऊबाईंनी हातातली एक पाटली मोडली, उरलेल्या रकमेचं कर्ज काढलं आणि २०२३ च्या पाडव्याला नवी मोटारसायकल घेतली. बिल आणि कर्ज दोन्ही जाऊबाईंच्या नावावर. महिना अठ्ठावीसशेचा हप्ता.

पंधरा दिवसांत गाडीने रंग दाखवला. इंजिन गरम झालं की चालती गाडी एकदम बंद! मीटरवरचा पिवळा दिवा लागायचा. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. शोरूमवाल्यांनी एकदा प्लग बदलला, एकदा फ्युएल पंप, एकदा कुठलासा सेन्सर. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस गाडी तिकडे आणि पोराचा खाडा. कंत्राटदाराने स्पष्ट सांगितलं, आता उशीर झाला तर दुसरा माणूस बघतो. एका संध्याकाळी तर हायवेच्या पुलावर गाडी बंद पडली. घरी आला तो घामाघूम. "काकू, मागून ट्रक येत होता. कसाबसा कडेला घेतली," एवढंच म्हणाला. जाऊबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शोरूममध्ये गेलो. काउंटरवरचा मुलगा आमच्याकडे न बघता पुतण्याशीच बोलत होता. वर म्हणतो कसा, "मावशी, नव्या गाडीचं असंच असतं. रनिंग झालं की सेट होईल. घरातल्या साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." आठवी शिकलेल्या माझ्या जाऊबाईंनी पिशवीतून बिल काढून काउंटरवर ठेवलं. म्हणाल्या, "यावर नाव माझं आहे. मलाच समजवा."

तिथून खरी सुरुवात झाली. आधीच्या तिन्ही जॉबकार्डांवर लिहिलं होतं 'जनरल चेकअप केले, ओके'. म्हणजे गाडी बंद पडत होती याचा कागदोपत्री कुठेच पत्ता नाही! चौथ्या वेळी आम्ही अडूनच बसलो. 'चालती गाडी गरम झाल्यावर बंद पडते' हेच शब्द, तारीख आणि किलोमीटरचा आकडा जॉबकार्डावर लिहून घेतला, तेव्हाच सही केली. गाडी किती दिवस तिथे राहिली तेही लिहून घेतलं. पुतण्याने दोनदा मोबाईलवर चित्रीकरण केलं. गल्लीतला मेकॅनिक "मी बघतो ना, अर्ध्या तासाचं काम" म्हणत होता, पण त्याला हात लावू दिला नाही. बाहेर गाडी उघडली की 'वॉरंटी गेली' म्हणायला कंपनी मोकळी होते.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे अमेरिकेसारखा गाडीसाठी वेगळा 'लेमन लॉ' नाही. इतके वेळा बिघडली की बदलून द्या, असा आकडाही कुठे लिहिलेला नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा आहे. पहिला १९८६ चा. त्याच्या जागी आता २०१९ चा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूत दोष सिद्ध झाला तर तो काढून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि नुकसानभरपाई, यांपैकी योग्य तो आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो.

आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे आपली तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवतात, पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही हे लक्षात ठेवा. कंपनीचं उत्तर आलं, 'गाडी तपासली असता दोष आढळला नाही.' मग आम्ही साध्या मराठीत नोटीस लिहिली. कधी घेतली, किती वेळा बिघडली, किती दिवस पडून होती, आम्हाला काय हवं आणि पंधरा दिवसांत उत्तर द्या. एक प्रत विक्रेत्याला, एक कंपनीला, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. दोघांनाही पाठवायची, कारण एकटा विक्रेता 'गाडी कंपनीने बनवली' म्हणतो आणि एकटी कंपनी 'दुरुस्ती विक्रेत्याने बिघडवली' म्हणते!

उत्तर आलं नाही. तेव्हा दिवाळीच्या आधी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे गेलो. पूर्वी याला आपण 'ग्राहक मंच' म्हणायचो. तिथलं कामकाज कोर्टाइतकं भीतीदायक नाही, मैत्रिणींनो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. नव्या कायद्याने आणखी एक सोय केली आहे. गाडी मोठ्या शहरात घेतली असली, तरी आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र द्यायची. ऑनलाइनही देता येते. आम्ही दिली तेव्हा त्यासाठी 'ई-दाखिल' होतं, १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' हे पोर्टल सुरू झालं आहे.

विरुद्ध बाजूच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला अपेक्षित तेच सांगितलं, की वॉरंटीप्रमाणे आम्ही भाग बदलून दिले, गाडी बदलून देण्याचा प्रश्नच नाही. त्यांचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या प्रकरणात म्हटलं होतं, की वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची आहे, आख्खी गाडी बदलण्याची नव्हे. म्हणून 'गाडी वाईट निघाली' एवढं म्हणून भागत नाही. भाग बदलूनही दोष जात नाही, तो मुळातच, कारखान्यातूनच आलेला आहे, हे दाखवावं लागतं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा दोष असेल, तर कायद्याप्रमाणे आयोग तपासणी करून घेऊ शकतो. आम्ही तसा अर्ज दिला. तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो, तो जाऊबाईंनी भरला. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी गाडी तापेपर्यंत चालवली, ती त्यांच्यासमोरच बंद पडली आणि मूळ वायरिंगमध्येच दोष असल्याचा अहवाल आला.

अहवाल आला तसा समोरच्यांचा आवाज बदलला. आयोगाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. तिथे कंपनी म्हणाली, त्याच मॉडेलची नवी गाडी देतो. जाऊबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. नवी गाडी म्हणजे नवी नोंदणी, पुन्हा आरटीओचा कर, पुन्हा विमा. तो खर्च कोणाचा? जुन्या गाडीवर कर्जाचा बोजा होता, तो नव्या गाडीवर कसा चढवायचा? पोराने दीड वर्षात एसटी आणि वडापला मोजलेले पैसे? हे सगळं एकेक करून लिहून घेतलं. नोंदणी आणि विमा कंपनीकडे, कर्ज देणाऱ्या संस्थेचं ना-हरकत पत्र विक्रेत्याने आणायचं आणि प्रवासखर्चापोटी पंधरा हजार रुपये. ही तडजोड आयोगाच्या आदेशात नोंदवली गेली, त्यामुळे कोणाला शब्द फिरवता आला नाही. आयोगाचा आदेश पाळला नाही, तर दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

कायदा म्हणतो, विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत शक्यतो निकाल द्यावा. आम्हाला वर्षाहून जास्त लागलं. तारखा पडल्या, दोनदा समोरचे वकीलच आले नाहीत. तेवढ्या काळात जाऊबाईंनी एकही हप्ता चुकवला नाही. शेजारच्या बायका म्हणत, "गाडी चालत नाही, तर हप्ता कशाला भरताय?" पण कर्जाचा करार वेगळा आणि गाडीची तक्रार वेगळी. हप्ता थकला, की व्याज-दंड वाढतो, गाडी ओढून नेतात आणि तक्रारीतला मुख्य पुरावाच हातून जातो. त्यासाठी त्यांनी दिवाळीचे फराळाचे आणि लग्नाच्या रुखवताचे डबे केले. पुतण्याची नोकरीही एका सहकाऱ्याच्या गाडीवर मागे बसून, पेट्रोल वाटून घेऊन टिकली.

आणखी एक गोष्ट. चालती गाडी बंद पडण्यासारखा दोष फक्त आपल्याच जिवावर बेतणारा नसतो, रस्त्यावरच्या इतरांच्याही असतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पुरेशा मालकांनी तक्रारी केल्या तर अशी सदोष वाहनं कंपनीला परत बोलवायला लावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. ही तरतूद १ एप्रिल २०२१ पासून अमलात आहे. आपली एक तक्रार दुसऱ्या कुणाच्या लेकराला वाचवू शकते, ती अशी.

आपल्या महाराष्ट्राला ग्राहक चळवळ काही नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा तर ग्राहक कायदाही नव्हता! तरीही आपण बायका अजून भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालतो आणि लाखाच्या गाडीपुढे गप्प बसतो. कारण तिथे सगळे इंग्रजी बोलतात, एसी असतो आणि 'साहेबांना पाठवा' म्हणतात.

तेव्हा गाडी घ्याल तेव्हा लिंबू चाकाखाली जरूर ठेवा, पण त्याच दिवशी एक प्लास्टिकची पिशवीही करा. त्यात बिल, वॉरंटीचं पुस्तक, कर्जाचे कागद आणि प्रत्येक जॉबकार्ड घाला. सर्व्हिसिंग वेळेवर आणि कंपनीच्या केंद्रातच करा. तक्रार आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि शक्य असेल तर बिल घरातल्या बाईच्या नावावर करा. काउंटरवर ते ठेवताना काय वाटतं, ते माझ्या जाऊबाईंना विचारा!