डायलिसिस

डायलिसिस किंवा अपोहन ही मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी कृत्रिमरीत्या काढून टाकण्याची उपचारपद्धती होय. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये पहिले उपयुक्त यंत्र तयार केले. या उपचाराने मूत्रपिंडे बरी होत नाहीत. त्यांचे काम केवळ अंशतः भागते.

प्रकार

हीमोडायलिसिसमध्ये रक्त यंत्राच्या गाळणीतून फिरवून शरीरात परत सोडतात. हा उपचार सामान्यतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास घ्यावा लागतो. प्रत्येक वेळी सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. उदरपटल डायलिसिसमध्ये पोटात बसवलेल्या नळीवाटे द्रव भरून काही तासांनी बदलतात.

सद्यस्थिती

केंद्र शासनाने २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. त्यानुसार जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना ही सेवा विनामूल्य मिळते. तथापि प्रवासखर्च व बुडणारी मजुरी यांचा भार उरतोच. दापोली तालुक्यातील हर्णे बंदरापासून रत्नागिरी १०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथील जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून तीनदा जाऊन येणाऱ्यास ६०० किलोमीटरांहून अधिक प्रवास घडेल.

भवितव्य

उदरपटल डायलिसिस घरी करता येत असल्याने दूरच्या गावांना ते सोयीचे ठरू शकते. त्यासाठी द्रवाच्या पिशव्यांचा नियमित पुरवठा आणि जंतुसंसर्ग टाळण्यासाठी काटेकोर स्वच्छता आवश्यक असते. अंगावर बाळगता येणारी यंत्रे अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहेत. योग्य रुग्णांसाठी मूत्रपिंड प्रत्यारोपण अधिक लाभदायक असले तरी अवयवदाते अपुरे आहेत. मधुमेह व उच्च रक्तदाब वेळीच आटोक्यात ठेवल्यास अनेकांवर डायलिसिसची वेळ येणे टळू शकते.