स्लॅब तापतो, रात्री झोप नाही. छतावर नेमकं काय घालावं?

हैदराबाद : एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो. नांदेड, देगलूर, बिलोली, उदगीरकडून तिथे स्थायिक झालेल्या आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांची तक्रार एकच : दिवस कसाबसा निघतो, रात्र निघत नाही. कारण सोपं आहे. दिवसभर ऊन प्यायलेला स्लॅब ती उष्णता रात्री खोलीत सोडतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. मग कुणी म्हणतं चुना मारा, कुणी म्हणतं कोबा घाला, कुणी म्हणतं खालून थर्मोकोल लावा. खर्च वाया जाऊ नये, तर यातला फरक माहीत हवा.

सरकारी नियम काय सांगतो?

तेलंगणा सरकारने ३ एप्रिल २०२३ रोजी 'कूल रूफ' धोरण जाहीर केलं. सरकारी आणि व्यापारी इमारतींना, तसंच ६०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरील नव्या घरांना ते बंधनकारक आहे. त्याहून लहान घरांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे सामान्य माणसाला निर्णय स्वतःच घ्यायचा आहे.

या धोरणाआधी, २०१७ मध्ये, हैदराबादच्या देवरकोंडा बस्तीत २५ घरांच्या छतांवर पांढरा परावर्तक पडदा टाकून प्रयोग झाला होता. शेजारच्या साध्या छताच्या घरांपेक्षा या घरांतलं तापमान सरासरी २ अंशांनी कमी भरलं.

पांढरं करणं वेगळं, थर घालणं वेगळं

पांढरा रंग ऊन परत पाठवतो. जुना काळवंडलेला स्लॅब जेमतेम पाव हिस्सा ऊन परतवतो, तर नवा पांढरा परावर्तक रंग सत्तर टक्क्यांच्या वर. हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण धूळ बसली की गुण कमी होतो, आणि चुना तर पावसात धुऊन जातो. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा मारावा लागतो.

थर उष्णता अडवतो. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत हेच काम लाकडावरचा मातीचा जाड थर करायचा. आज तेवढी माती स्लॅबवर टाकणं वजनामुळे धोक्याचं ठरू शकतं.

कोबा की बोर्ड?

विटांच्या तुकड्यांचा कोबा गच्चीला उतार द्यायला चांगला. उष्णता अडवायला तितकासा नाही. १० सेंटिमीटर कोब्याचं वजन चौरस मीटरला पावणेदोनशे किलोच्या आसपास जातं. उलट ५० मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड दोन-तीन किलोचा असतो आणि मीटरभर जाडीच्या वीटकामापेक्षा जास्त उष्णता अडवतो. केंद्राच्या 'इको निवास संहिता २०१८' मध्ये घराच्या छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिली आहे. साध्या सहा इंची स्लॅबमधून त्याच्या जवळपास तिप्पट उष्णता येते. ती मर्यादा गाठायला साधारण २५ मिलिमीटरचा बोर्डही पुरतो.

थर वरून की खालून?

शक्यतो वरूनच. खालून फॉल्स सीलिंग केलं तर खोलीला थोडा आराम मिळतो, पण स्लॅब तापतच राहतो. दिवसा ताणणं, रात्री आकसणं थांबत नाही. त्यातूनच तडे जातात. शिवाय वर गळती असली तर ती सीलिंगआड लपते आणि सळई गंजल्यावर कळते.

कामाचा क्रम चुकवू नका

* आधी तडे भरा, गळती बंद करा. ओल्या स्लॅबवर थर घातला तर पाणी आतच कोंडतं.
* पाण्याला उतार द्या : दहा फुटांना किमान सव्वा इंच.
* त्यावर वॉटरप्रूफिंग, मग एक्सपीएस बोर्ड. साधा थर्मोकोल पाणी धरतो, तो इथे नको.
* बोर्ड उघडा ठेवू नका. उन्हाने खराब होतो. वर पातळ काँक्रीट आणि पांढरी फरशी किंवा चायना मोझॅक.
* जुनं घर असेल तर वर काहीही चढवण्याआधी इंजिनिअरला दाखवा.

मग कुणी काय करावं?

भाड्याने राहणाऱ्यांनी मालकाला विचारून चुना किंवा पांढरा रंग मारावा. पत्र्याच्या घरालाही हाच उपाय आधी. पुढे मजला चढवायचा असेल तर महागडा थर आत्ता घालू नका, रंगावर भागवा. स्वतःचं घर, वर मजला चढणार नाही आणि त्याच छताखाली झोपायचं आहे, तर वॉटरप्रूफिंग करतानाच बोर्ड घालून घ्या. गच्ची दुसऱ्यांदा फोडायची वेळ आली की मजुरीच जास्त जाते.

हीच गोष्ट नांदेड-लातूरच्या स्लॅबलाही लागू आहे. ऊन इकडेही तेवढंच आहे.