अर्धी गोळी, शेगडी आणि कोमट दूध

महाराष्ट्रातली थंडी सहसा धडधाकट कुत्र्या-मांजरांचा जीव घेत नाही. निफाडला पारा पाच अंशांखाली उतरतो तेव्हाही कोरडा आडोसा आणि पोटभर खाणं मिळालं तर ती रात्र निभावून नेतात. मला भीती वाटते ती आपण मायेपोटी करतो त्या उपायांची.

त्यातला सगळ्यात घातक उपाय म्हणजे घरातली पॅरासिटामॉल. मांजर शिंकतंय, अंग गरम लागतंय, म्हणून अर्धी गोळी चुरून दुधात घालतात. लहान मुलांना चालते, मग मांजराला थोडीशी का चालू नये, असा हिशेब असतो. तो साफ चुकीचा आहे. हे औषध निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. मग त्याच औषधातून तयार झालेलं विष रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मारू शकते, अर्धीसुद्धा. यावर उतारा आहे, पण तो काही तासांतच मिळायला हवा. तेव्हा गोळी पोटात गेली असेल तर संकोच न करता डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. आयबुप्रोफेन कुत्र्यांनाही नको, त्यानं पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात.

मुळात अंग गरम लागलं म्हणजे ताप आहे असं नव्हे. कुत्र्या-मांजरांचं नेहमीचंच तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला ती कायमच कोमट लागतात. कोरड्या नाकावरूनही ताप ओळखता येत नाही.

ब्रँडीचा चमचा हाही असाच घरगुती इलाज. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता मात्र बाहेर निघून जाते. लहान जिवाच्या रक्तातली साखरही त्यानं घसरते.

पावसाळा सरल्यावर रस्त्यावरच्या कुत्र्या वितात आणि ऐन थंडीत एखादं गारठलेलं पिल्लू कुणाला तरी सापडतं. पहिली धाव कोमट दुधाकडे असते. इथेच घात होतो. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःच्या शरीराचं तापमान राखता येत नाही. आईच्या आणि भावंडांच्या अंगाची ऊब हाच त्यांचा आधार. अंग गार पडलं की आतड्यांचं काम मंदावतं, गिळणं जमत नाही, आणि पाजलेलं दूध फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून आधी ऊब, मग दूध. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिल्लाजवळ ठेवा, त्याला सरकायला जागा ठेवा आणि हळूहळू गरम होऊ द्या. गरम पाण्यात बुडवू नका. आई आसपास असेल तर पिल्लं उचलूनच नेऊ नका. तिच्या कोपऱ्यात कोरडं गोणपाट टाकून जमिनीचा गारवा तोडा. ते ओलं झालं तर बदला. ओलं पांघरूण नसलेलंच बरं.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं माणसांच्याही जिवावर बेतलं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पक्ष्यांवर त्याचा परिणाम माणसाआधी होतो. म्हणूनच ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत. घरात लव्हबर्ड असतील तर पिंजरा वाऱ्याच्या झोतातून हलवा, रात्री तीन बाजूंनी कापड टाका. शेगडी, धूप, कापूर मात्र त्या खोलीत नकोच.

‘केस आहेत ना, त्याला कशाला थंडी?’ हे पॉमेरेनियन किंवा जर्मन शेफर्डबद्दल बरंचसं खरं आहे, कारण त्यांना वरच्या केसांखाली दाट लव असते. आपल्या कारवानीला ती नसते. अंगावर चरबी कमी, केस आखूड, त्यामुळे पहाटे तो कुडकुडतो. म्हातारी, आजारी आणि सांधे धरलेली जनावरंही अशीच. त्यांना स्वेटर जरूर घाला, पण काखेत काचत नाही ना ते बघा आणि दमट झाला की काढा.

पाणी मात्र थंडीतही तितकंच लागतं. गार पाणी नको म्हणून मांजर कमी पितं, लघवी दाट होते. बोका वारंवार जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर त्याला बद्धकोष्ठ समजून घरी थांबू नका. तुंबलेल्या लघवीनं दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आणि डिंकाचे लाडू. त्यात बेदाणे घातलेले असतील तर कुत्र्याला तुकडाही देऊ नका. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले तर चालतील याचं खात्रीचं प्रमाण नाही.