न झालेलं युद्ध आणि विसरलेलं कुंपण

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या आरपार एक काटेरी कुंपण उभं होतं. स्वस्त मीठ कर चुकवून पलीकडे जाऊ नये, एवढ्यासाठी इंग्रज सरकारने ते राखलं होतं. १८६९ च्या सुमारास सिंधू नदीपासून थेट महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकातीची हद्द आखलेली होती आणि तिच्यावर १२,००० च्या आसपास माणसं पहाऱ्याला होती. दांडीयात्रा आपण सगळेच शाळेत शिकलो. हे कुंपण मात्र पाठ्यपुस्तकात कधी दिसलं नाही. मला ते सापडलं विकिपीडियावर, ॲलन ह्यूम यांच्याबद्दल वाचत असताना.

ह्यूम म्हणजे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत पहिलं अधिवेशन भरलं, ही ओळ आपल्याला तोंडपाठ असते. त्यांच्यावरच्या लेखात एक साधी नोंद आहे: १८६७ ते १८७० या काळात ते अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त होते. त्या नोंदीतल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं की ‘इनलँड कस्टम्स लाइन’ हा लेख उघडतो आणि मग पुढचा तास कसा जातो ते कळत नाही.

ह्यूम आले तेव्हा कुंपण बरंचसं सुकं होतं, म्हणजे तोडलेल्या काट्याकुट्यांची रास. मैलभर कुंपणाला सुमारे २५० टन काटे वाहून आणावे लागत. त्यांना वाळवी लागे, उंदीर पोखरत, वणव्यात ते जळून जात, वादळात उडून जात. ह्यूमनी जिवंत कुंपणाचा ध्यास घेतला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, जिथे जे तगेल ते लावलं. जमीन नापीक असेल तिथे चर खणून दुसरीकडची माती भरली, पाणी साचायचं तिथे बांध घातले, झाडांसाठी विहिरी खोदल्या. काही ठिकाणी हे कुंपण बारा फूट उंच झालं. हे वाचताना मला सर्वांत जास्त हलवून गेलं ते हे की यातली सगळी गावात कुणालाही ठाऊक असलेली शेतीची कामं आहेत. तीच कामं गरिबाच्या भाकरीवरचं मीठ महाग ठेवण्यासाठी, वर्षानुवर्षं, कमालीच्या निष्ठेने केली गेली. पुढे सांभर सरोवरासारखी मिठाची ठिकाणं इंग्रजांच्या ताब्यात आली, मिठावर उगमापाशीच कर घेता येऊ लागला, निरनिराळ्या प्रांतांतले दर जवळ आणले गेले. १ एप्रिल १८७९ रोजी ही हद्द मोडली. कर मात्र राहिला.

या कुंपणाची आठवण पुन्हा जागी कशी झाली, ही गोष्टही तितकीच सांगण्यासारखी आहे. रॉय मॉक्सॅम लंडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या जतनाचं काम करत. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला माहीत असलेल्या स्लीमनच्या आठवणींचं एक जुनं पुस्तक त्यांनी विकत घेतलं. त्यातल्या एका तळटिपेत या कुंपणाचा उल्लेख होता. त्यावरून त्यांनी दप्तरं धुंडाळली, नकाशे शोधले, अनेकदा भारतात येऊन उत्तर प्रदेशातल्या इटावा भागात उरलेल्या खुणा पाहिल्या आणि २००१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. विकिपीडियावरचा लेख बराचसा त्या पुस्तकाच्या आधाराने उभा आहे. म्हणजे आधी तळटीप, तिच्यावरून पुस्तक, पुस्तकावरून लेख आणि लेखाखाली पुन्हा तळटिपा.

विकिपीडियाचं यंत्र समजून घ्यायचं तर याच तळटिपांपासून सुरुवात करावी लागते. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी हा कोश सुरू केला. त्याआधीच्या ‘न्यूपीडिया’त तज्ज्ञांनी लेख तपासून मगच छापायचे असा नियम होता, आणि लेख फार सावकाश तयार होत होते. नव्या कोशात कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं असं ठरलं. त्याची भरपाई म्हणून दोन गोष्टी आल्या. पहिली, लेखातल्या विधानाला प्रसिद्ध झालेल्या साधनाचा आधार हवा. स्वतःचं नवं संशोधन इथे मांडायचं नाही. दुसरी, लेखाची प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवलेली असते. ‘इतिहास’ या कळीवर टिचकी मारली की कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या सदस्याने कोणता शब्द बदलला ते ओळीने दिसतं. शेजारच्या चर्चापानावर त्या बदलावरचे वाद असतात. छापील ग्रंथात लेखकाने खोडलेली ओळ आपल्याला कधीच दिसत नाही. इथे ती दिसते, आणि माझ्या मते या कोशाचं खरं मोठेपण यात आहे.

पण नियम असले तरी ते कुणीतरी वापरावे लागतात. याचं सर्वांत बोलकं उदाहरण नेमकं आपल्या मुलखातलं आहे. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘बिकोलिम कॉन्फ्लिक्ट’ नावाचा लेख आला. बिकोलिम म्हणजे गोव्यातली डिचोली. १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात तिथे युद्ध झालं आणि ते तहाने मिटलं, असं त्यात सुमारे साडेचार हजार शब्दांत लिहिलं होतं. लेख नीटनेटका होता, तळटिपा भरपूर होत्या. त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. पाच वर्षांहून अधिक काळ तो तसाच राहिला. २०१२ च्या अखेरीस एका सदस्याने तळटिपांतली पुस्तकं शोधायला घेतली तेव्हा उघड झालं की मुख्य आधारग्रंथ अस्तित्वातच नाहीत. युद्ध सगळं रचलेलं होतं. लेख काढून टाकला गेला.

१६४० मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत होते. त्या सालात मराठा साम्राज्याचं युद्ध असूच शकत नाही, हे महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या कुठल्याही इतिहासप्रेमी वाचकाने पहिल्याच परिच्छेदात सांगितलं असतं. ते पाच वर्षं कुणी सांगितलं नाही, याची मला खंत वाटते. आणि डिचोलीला रचलेल्या इतिहासाची गरज तरी कुठे होती? डिचोली तालुक्यात नार्वे इथे सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करवला. संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये पोर्तुगीजांना जेरीस आणलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख पोर्तुगीजांच्या ‘नव्या काबिजादी’त गेला. हे सगळं घडलेलं आहे, लिहिलेलं आहे आणि अजूनही गोव्याबाहेर फार थोड्यांना माहीत आहे.

मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झाला. अगदी सुरुवातीच्या लेखांत ‘वसंत पंचमी’ आणि ‘औदुंबर’ या कवितेवरचा लेख होता. तिथली सर्वांनी मिळून बोलायची जागा ‘चावडी’ आहे, नवख्यांना सराव करायला ‘धूळपाटी’ आहे. जिथे आधार दिलेला नाही तिथे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावतात. ही खूण मराठी पानांवर अजून फार ठिकाणी लावावी लागेल, आणि कित्येक विषयांवर खूण लावण्याइतकाही मजकूर नाही. मराठीला कोशांची परंपरा मात्र थोर आहे. केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ १९२० च्या दशकात २३ खंडांत पुरा झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला उभ्या केलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. दोन्ही आज पडद्यावर वाचता येतात. विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, त्यामुळे जबाबदारी कुणाची ते कळतं. विकिपीडियावर ती वाचणाऱ्या प्रत्येकावर येते.

ही जबाबदारी घ्यावी असा एक विषय कोल्हापूरजवळ आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली. सुटका झाल्यावर त्यांतली अनेक इराणमार्गे बाहेर पडली. त्यांपैकी सुमारे ५,००० जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथल्या छावणीत राहिले. लांबच लांब बराकी, पोलिश शाळा, चर्च, दवाखाना, बालवीरांची पथकं, सगळं पंचगंगेच्या खोऱ्यात. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित आले. आज तिथे गांधीनगरची कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. एकाच जागेने पाच-सहा वर्षांच्या अंतराने दोन देशोधडीला लागलेल्या समाजांना आसरा दिला, असं ठिकाण मला महाराष्ट्रात दुसरं माहीत नाही.

या छावणीत वाढलेल्या मुलांनी पुढे आठवणी लिहिल्या, पुस्तकं काढली, कोल्हापूरला पुन्हा भेटी दिल्या. शहरात त्यांचं स्मारक आहे. त्यांनी छावणी आतून सांगितली. छावणीला दूध, भाजी, लाकूडफाटा पुरवणाऱ्या आसपासच्या गावांची बाजू मराठीतूनच येऊ शकते. मात्र विकिपीडियावर थेट आजोबांची आठवण लिहिता येत नाही. ती आधी कुठेतरी छापून यावी लागते, गावच्या इतिहासात, दिवाळी अंकात, स्थानिक वर्तमानपत्रात. गांधीनगर आणि वळिवड्यातल्या ज्यांनी ते दिवस लहानपणी पाहिले, ते आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जाण्याचं काम या वर्षीच व्हायला हवं.