कंबरदुखीची गोळी आणि आतड्याचा दाह
साताऱ्यातल्या ऊसफडात किंवा तासगावच्या द्राक्षबागेत दिवसभर वाकून कंबर धरली, की मेडिकलमधून सुटी गोळी येते. ताप-जुलाबावर अँटिबायोटिकही तशीच. डायक्लोफिनॅक असो वा सिप्रोफ्लॉक्सासिन, दोन्हींना डॉक्टरची चिठ्ठी लागते, पण ती मागतो कोण? पित्त होईल एवढीच भीती. आतड्याचा विचार कुणी करत नाही. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दीर्घ दाहाचे आजार. अमेरिकेत 76 हजारांवर परिचारिकांच्या 2012च्या अभ्यासात, महिन्यातून निदान 15 दिवस डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके घेणाऱ्यांत ते जास्त आढळले. डेन्मार्कच्या 60 लाखांवर लोकांच्या 2023च्या अभ्यासात अँटिबायोटिकच्या कोर्सांगणिक धोका चढत गेला, चाळिशीपुढे विशेष.

कोणी म्हणेल, आजार आधीच आत शिरला असेल, म्हणूनच जुलाबावर गोळी घेतली गेली. आक्षेप रास्त आहे. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. पण अँटिबायोटिक आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारते आणि वेदनाशामकाने अस्तर राखणारी प्रोस्टाग्लँडिन घटतात, हे पक्के ठाऊक आहे. श्रीमंत देशांचे दुखणे म्हणूनही हे आजार झटकता येत नाहीत. भारतात रुग्ण वाढताहेत. शिवाय इथे क्रोन्स आणि आतड्याचा क्षय इतके सारखे दिसतात, की निदानच रखडते. एकेका माणसाचा धोका तरीही थोडाच वाढतो, तेव्हा न्यूमोनियावरचा कोर्स अर्धवट सोडू नका. मात्र महिनाभर जुलाब असतील किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मिरजेला किंवा साताऱ्याला तज्ज्ञाकडे जाताना घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्या.