शाळेचा ताळेबंद

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पुतण्या घरी आला. थोरल्या मुलीला जूनमध्ये पहिलीत घालायचे होते. ओट्यावर टेकत त्याने विचारले, "काका, गावातली झेडपीची शाळा चांगली आहे का हो? का तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी येते, तिच्यात बसवू?"

मी मराठवाड्यातल्या एका पतसंस्थेत एकतीस वर्षे हिशेब लिहीत आलो आहे. शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जुन्या शाळांची कागदपत्रे, तपासणीचे अहवाल, आयोगांपुढच्या साक्षी वाचण्याचा नाद मात्र जुना आहे. एवढे वाचूनही त्याच्या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता आले नाही. "आठ दिवस दे," म्हणालो. त्या आठ दिवसांत जे सुरू झाले ते अजून संपलेले नाही. सरकारी प्राथमिक शाळा चांगली की वाईट हे ठरवायचे तरी कसे, याचा हा हिशेब आहे.

जडवस्तूंची यादी

शाळा पाहायला गेलेला माणूस आधी भिंती पाहतो. रंगरंगोटी, संरक्षक भिंत, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, एखादा संगणक. सरकारही बव्हंशी हेच पाहते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेने काय बाळगायचे ते दिले आहे. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण. साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. यातल्या बऱ्याच बाबींची माहिती दरवर्षी 'यू-डायस'मध्ये भरली जाते.

ही यादी कमी लेखू नये. स्वच्छतागृह नसेल तर मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, हे कोणत्याही आईला विचारावे. पण हिशेबाच्या भाषेत ही सारी जडवस्तू संग्रह नोंदवही झाली. दुकानात फळ्या, तराजू, गल्ला सगळे आहे, म्हणून धंदा चालतो असे कोणी म्हणत नाही. धंद्यात काय घडले हे पाहायला दुसरी वही उघडावी लागते.

निकालाची वही आणि आरंभीची शिल्लक

ती वही म्हणजे निकाल, असे बहुतेकांना वाटते. शिष्यवृत्तीला किती मुले बसली, किती लागली, कोणाचे फोटो फलकावर आले. या आकड्यांना दोन खोटी आहेत.

पहिली खोट संख्येची. समजा, तिसरीत नऊ मुले आहेत आणि त्यातली दोन सलग गोष्ट वाचतात. म्हणजे २२ टक्के. पुढच्या वर्षी तिसरीत सात मुले आली आणि चार वाचतात. म्हणजे ५७ टक्के. वर्षभरात शाळा अडीचपट सुधारली का? मुळीच नाही. कदाचित एक हुशार मुलगी मामाच्या गावाहून इकडे राहायला आली आणि दोन मुले आईबापांबरोबर बाहेर गेली, एवढेच घडले असेल. छोट्या शाळेचे टक्के असेच हेलकावतात. म्हणून जिल्ह्यातल्या 'सर्वोत्तम' शाळांच्या यादीत छोट्या शाळा फार दिसतात आणि 'सर्वांत मागे' असलेल्यांच्या यादीतही त्याच दिसतात. अशा शाळेला एका वर्षाच्या आकड्यावर तोलू नये. चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र ठेवावेत, आणि टक्के सोडून मुले मोजावीत.

दुसरी खोट अधिक खोल आहे. अखेरची शिल्लक पाहून पेढी चालवणाऱ्याची पारख होत नाही. आरंभीची शिल्लक किती होती तेही पाहावे लागते. ज्याच्या घरी आई रोज वर्तमानपत्र वाचते तो मुलगा आणि ज्याच्या घरात छापील कागद फक्त वाण्याच्या पुडीबरोबर येतो तो मुलगा, दोघे पहिलीत एकाच दिवशी बसतात. पण त्यांच्या वहीचे पहिले पान एक नसते. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालाने दाखवले की मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जोडलेला असतो. त्यावरून काहींनी 'मग शाळेने फरक पडतच नाही' असा अर्थ काढला. पण १९८३ साली हाइनमन आणि लॉक्सली यांनी २९ देशांची आकडेवारी तपासली तेव्हा उलटी बाजू पुढे आली. देश जितका गरीब, तितका मुलाच्या शिकण्यात शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. ज्या मुलाला घरातून काही मिळण्याजोगे नाही, त्याच्यासाठी शाळा हीच बहुतेक सारी जमा बाजू असते.

तेव्हा विचारायचा प्रश्न असा: मूल जिथे होते तिथून शाळेने त्याला किती पुढे आणले? हे मोजायला मोठी यंत्रणा लागत नाही. 'प्रथम' संस्थेने २००५ पासून सुरू केलेल्या 'असर' पाहणीचे साधन कागदाच्या एका पानावर मावते. अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. 'असर' घरोघरी जाऊन जिल्ह्याचा अंदाज बांधते. तिच्या आकड्यांवरून एखाद्या गावच्या शाळेबद्दल काही म्हणता येत नाही. पण त्या पानाची रीत कोणालाही वापरता येते. जूनमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा. अक्षरावर अडलेले मूल नऊ महिन्यांत परिच्छेदापर्यंत आले असेल, तर त्याने शिष्यवृत्ती न मिळवताही शाळेने मोठी कमाई केली आहे.

जोतीरावांची साक्ष

इथपर्यंत आल्यावर कोणालाही वाटेल की मग हेच मोजावे, त्यावर शिक्षकांचे पगार ठरवावेत आणि शाळांच्या क्रमवाऱ्या लावाव्यात. हा प्रयोग पूर्वी झालेला आहे.

इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या नियमावलीने शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या वार्षिक परीक्षेला बांधले. निकालाप्रमाणे दाम. मग शिक्षकांनी मुलांकडून ठरलेले पुस्तकच पाठ करून घेतले. पुस्तक न पाहताही मुले 'वाचू' लागली. पुढे तिथे ती पद्धत मोडीत निघाली, पण तोवर ती मुंबई इलाख्यात खाजगी शाळांच्या अनुदानासाठी येऊन पोहोचली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तिला विरोध केला. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे ही पद्धत उपयोगाची नाही. तिच्या भरवशावर कोणी शिक्षक अशा वस्तीत शाळा काढणार नाही, कारण त्याचे पोट भरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पण त्याच निवेदनात ते तपासणी वाढवायला सांगतात, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. डेप्युटी साहेब वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही. शाळा निदान तीन महिन्यांनी तपासली जावी, आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देता जावे. त्याबरोबर शिक्षकांना पगार मात्र नीट द्यावा: बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस. मला आधी हे परस्परविरोधी वाटले. निकालावर दाम नको आणि तपासणी मात्र कडक हवी? पतसंस्थेत दर वर्षी लेखापरीक्षकाला तोंड देणाऱ्या माणसाला खरे तर हे लगेच कळायला हवे होते. लेखापरीक्षकाने न सांगता यावे, सगळ्या वह्या उघडाव्यात. पण कारकुनाचा पगार शिलकेच्या आकड्यावर ठरवला, तर कारकून शिल्लकच रंगवील.

हे आपल्याकडे डोळ्यांदेखत घडले आहे. शिक्षकांची पदे, तांदूळ, अनुदान, सगळे पटावर ठरते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, तेव्हा कागदावरची लाखो मुले वर्गात सापडली नाहीत. ज्या आकड्याला पैसा टांगला, तो फुगला.

तीन वह्या आणि दिवाळीनंतरची शाळा

मग मी पुतण्याबरोबर गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकबाईंना येण्याचे कारण सांगितले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे कायदाच सांगतो. त्यामुळे पालकाने शाळेत येऊन वही मागणे यात आगाऊपणा काही नाही. बाईंनी कपाट उघडले.

हिशेबनिसाची सवय म्हणून मी एकाच दिवसाच्या तीन नोंदी ताडून पाहिल्या: पट, हजेरी, आणि खिचडीला काढलेला तांदूळ. प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम. तिन्ही वह्या जिथे एकमेकींशी अगदी तंतोतंत जुळतात आणि वर्षभर शंभर टक्के हजेरी असते, तिथे मला शंका येते. मुले आजारी पडतात, जत्रेला जातात, धाकट्या भावाला सांभाळतात. खऱ्या वहीत अशा गैरहजेऱ्या दिसतातच.

आमच्याकडची सर्वांत मोठी गैरहजेरी दिवाळीनंतर येते. कारखान्यांचे बॉयलर पेटतात, मुकादम उचल देऊन बसलेला असतो, आणि कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मूल त्यांच्याबरोबर बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर जाते आणि उन्हाळ्यात परतते. माझ्या मते इथल्या शाळेची पारख दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी करावी. दसऱ्याच्या सुमारास गुरुजी घरोघर फिरून 'पोराला आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहाचे पाहू' असे सांगतात का? जे मूल जातेच, त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतात का? आणि ते उन्हात काळवंडून एप्रिलमध्ये परत आले, तर त्याला थेट त्याच्या इयत्तेच्या धड्यावर बसवतात, की ते जिथे सोडून गेले होते तिथून उचलतात?

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे दोन शिक्षकांची शाळा. चार इयत्ता, दोन शिक्षक. गुरुजी पहिलीला अक्षर गिरवायला शिकवत असतात तेव्हा दुसरीची मुले काय करतात, हे दारात उभे राहून अर्धा तास पाहावे. नुसती 'हाताची घडी, तोंडावर बोट' असेल, तर त्या मुलांचा निम्मा दिवस वाया जातो. ती एकमेकांना वाचून दाखवत असतील, खडे मोजत असतील, तर तिथे कोणीतरी आदल्या रात्री विचार केलेला आहे.

तिसरी गोष्ट वह्या. पहिल्या नंबरच्या मुलाची वही पाहू नये, ती सगळीकडे सुंदरच असते. जे मूल सर्वांत मागे आहे त्याची मागावी. तिच्यात नुसते लाल शेरे आहेत, की चूक कुठे झाली ते दाखवून पुन्हा करून घेतलेले आहे? मी बाईंना एका मुलाबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "तो तांड्यावरचा आहे. घरी गोरमाटी बोलतात. त्याला जोडाक्षर येते, पण शब्दच ओळखीचा नसतो, म्हणून अडतो. मी त्याच्याकडून त्याच्या बोलीतले शब्द लिहून घेते आणि शेजारी मराठी शब्द लिहिते." हे कोणत्या रकान्यात भरायचे मला ठाऊक नाही. पण माझ्या दृष्टीने शाळेच्या ताळेबंदातली ती सर्वांत मोठी नोंद होती.

पटाचा फास

जे. पी. नाईक यांनी भारतीय शिक्षणाला समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा न जुळणारा त्रिकोण म्हटले होते. गावच्या शाळेत तो त्रिकोण रोज दिसतो. ज्यांना परवडते ते पालक गाडी, टाय आणि इंग्रजी फलक पाहून मुलांना काढून नेतात. पट घसरतो. उरतात ती तांड्यावरची आणि कोयत्यावरची मुले, ज्यांची आरंभीची शिल्लक सर्वांत कमी. निकाल आणखी खाली दिसतो. मग सरकार तोच पट हाती घेते. २०१७ साली दहाहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिळवण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसहून कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचा विचार पुढे आला. आपण शाळेला चुकीच्या मापाने मोजतो, त्यामुळे पट उतरतो, आणि उतरलेला पट हाच शाळा वाईट असल्याचा पुरावा ठरतो. ज्या मुलांसाठी शाळेचा वाटा सर्वांत मोठा, त्यांचीच शाळा या फासात पहिली अडकते.

सगळ्या सरकारी शाळा चांगल्या आहेत असे मी म्हणत नाही. तिन्ही वह्या रंगवलेल्या आणि वर्गात मुले नुसती बसलेली, अशाही शाळा मी पाहिल्या आहेत. त्यांना वाईटच म्हणावे, आणि पालकांनी समितीच्या बैठकीत तोंडावर म्हणावे. पण आधी वही उघडून पाहावी.

आठव्या दिवशी पुतण्याला मी पाहिलेले सांगितले. इंग्रजी शाळेचीही दारात उभे राहून पाहणी कर म्हणालो. त्याने केली. तिथे मागच्या मुलाची वही मागितली तर दाखवली नाही, एवढेच तो बोलला. मुलगी गावच्या शाळेत गेली. आता ती चौथीत आहे. बाईंची गेल्या वर्षी बदली झाली. नवे गुरुजी आले आहेत. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या सोमवारी मी पुन्हा जाणार आहे, न सांगता.